जाहिरातीतील छायाचित्र : साक्ष आणि नांदी

आयकिया या मूळच्या स्वीडिश फर्निचर कंपनीने २००६ साली ‘बर्टिल’ नावाच्या एका पाइनच्या खुर्चीचे चित्र प्रसिद्ध केले. खुर्ची साधी होती, चित्रही साधे होते. पाहणाऱ्यांनी ते छायाचित्र म्हणून पाहिले आणि त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही. वस्तुतः या चित्रासाठी कोणतीही खुर्ची कॅमेऱ्यासमोर ठेवली गेली नव्हती. तिची मापे, लाकडाचा पोत, त्यावर पडणारा प्रकाश आणि जमिनीवरची सावली हे सारे संगणकाला आकड्यांच्या रूपात पुरवून ते चित्र सिद्ध केलेले होते. २०१४च्या सुमारास या कंपनीच्या एकेका वस्तूच्या चित्रांपैकी सुमारे ७५ टक्के चित्रे अशा रीतीने तयार होत होती. कारण अगदी व्यावहारिक होते. जगाच्या कानाकोपऱ्यातून नमुने मागवायचे, स्टुडिओत स्वयंपाकघर उभे करायचे, छायाचित्र काढायचे आणि मग ते मोडायचे. शिवाय जर्मनीचे स्वयंपाकघर जपानला चालत नाही, जपानचे अमेरिकेला चालत नाही. संगणकातील स्वयंपाकघराला हा त्रास नसतो.

कंपनीच्या संगणकचित्र विभागाचे मार्टिन एन्थेड यांनी २०१४ साली एका मुलाखतीत सांगितलेली हकीकत येथे नोंदवण्यासारखी आहे. २००९ मध्ये त्यांच्या विभागाकडे तक्रार आली की संगणकावर केलेली चित्रे फारच वाईट आहेत, ती थांबवा. तक्रारीतील चित्रे तपासून पाहिली, तेव्हा नापसंत ठरलेली चित्रे कॅमेऱ्याने काढलेली निघाली आणि जी दोनतीन उत्तम म्हणून वाखाणली होती, ती संगणकाची! त्यानंतर कंपनीने छायाचित्रकारांना संगणकावर आकार घडवण्याचे शिक्षण दिले आणि संगणकावर काम करणाऱ्यांना कॅमेरा चालवायला शिकवले. यापुढे चित्र चांगले की वाईट एवढेच विचारायचे, ते कोणत्या साधनाने केले हे विचारायचे नाही, असे ठरले.

‘विचारायचे नाही’ असे ठरवल्याने प्रश्न संपत नाही. उलट येथेच तो खऱ्या अर्थाने सुरू होतो. ‘बर्टिल’चे चित्र खोटे होते काय? त्या चित्रावर विश्वासून दुकानात गेलेल्या ग्राहकाला चित्रात होती तशीच खुर्ची मिळाली. मापे तीच, लाकूड तेच, रंग तोच. त्याची फसवणूक कोठे झाली, हे दाखवणे अवघड आहे. आता याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहावे. जुलै २०११ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने लॉरियाल कंपनीच्या दोन जाहिरातींवर बंदी घातली. एकीत ज्युलिया रॉबर्ट्स होती, दुसरीत ख्रिस्ती टर्लिंग्टन. तक्रार खासदार जो स्विन्सन यांची होती. टर्लिंग्टनच्या चित्रात त्वचा उजळ केली, डोळ्यांभोवतीच्या सावल्या कमी केल्या, ओठ गुळगुळीत केले, भुवया गडद केल्या, हे कंपनीने मान्य केले. (ज्या प्रसाधनाची ती जाहिरात होती त्याचे नावच ‘इरेझर’, म्हणजे खोडरबर असे होते. जाहिरात लिहिणाऱ्यांच्या हातून कधीकधी असे सत्य निसटून जाते.) रॉबर्ट्सच्या बाबतीत मूळ, अस्पर्शित छायाचित्र नियामकांना पाहायलाच मिळाले नाही, तारकेशी असलेला करार आड आला. तिची त्वचा मुळातच तेजस्वी आहे याचा पुरावा म्हणून समारंभातील लाल गालिच्यावर काढलेली तिची दुसरी छायाचित्रे सादर करण्यात आली. एका छायाचित्राचे सत्य सिद्ध करण्यासाठी दुसऱ्या छायाचित्राला साक्षीला बोलवावे लागले.

या दोन उदाहरणांतील विरोध चमत्कारिक आहे. पहिल्यात कॅमेराच नाही, समोर वस्तू नाही, तरी चित्राला खोटे म्हणवत नाही. दुसऱ्यात खरी स्त्री खऱ्या कॅमेऱ्यासमोर खरोखर बसलेली आहे, तरी चित्र खोटे ठरते. छायाचित्राविषयीच्या विसाव्या शतकातील प्रमुख सिद्धांतांनी सत्याचा जो निकष हाती दिला आहे, त्याने हा निकाल लागत नाही.

तो निकष सर्वपरिचित आहे. आंद्रे बाझँ यांनी १९४५ साली छायाचित्राचे वैशिष्ट्य त्याच्या यांत्रिक उत्पत्तीत पाहिले. वस्तू आणि तिचे चित्र यांच्यामध्ये चित्रकाराचा हात येत नाही, म्हणून छायाचित्र विश्वसनीय. पर्सच्या परिभाषेत बोलायचे तर छायाचित्र हे केवळ सादृश्यावर उभे असलेले चिन्ह नाही. धूर जसा अग्नीचा, पाऊल जसे चालणाऱ्याचे, तसे ते वस्तूचे निर्देशक चिन्ह आहे. १९८० साली रोलाँ बार्थ यांनी हाच विचार शोकाच्या पातळीवर नेला. छायाचित्रातील माणूस एकदा तेथे होता, हे नाकारता न येणारे ‘होते’पण त्यांना छायाचित्राचे सार वाटले. मातेच्या छायाचित्रासमोर बसलेल्या माणसाला हा सिद्धांत पुरेसा आहे. प्रसाधनाच्या जाहिरातीसमोर बसलेल्या माणसाला तो पुरेसा नाही. कारण तेथेही कुणीतरी ‘होते’च. ‘असणे’ सिद्ध होते, पण ‘असे असणे’ सिद्ध होत नाही, आणि जाहिरातीचे सारे भांडवल ‘असे’ या शब्दात गुंतलेले असते.

शिवाय हाताचा स्पर्श न झालेले छायाचित्र नावाची वस्तू इतिहासात फारशी कधी नव्हतीच. ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ साली तिसाहून अधिक काचांवरील प्रतिमा जुळवून ‘जीवनाच्या दोन वाटा’ हे रूपकचित्र केले आणि त्याची एक प्रत व्हिक्टोरिया राणीने विकत घेतली. दुसऱ्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच काचांवरून एक चित्र जुळवले. क्षयाने मरणपंथाला लागलेली तरुण मुलगी, भोवती घरची माणसे, पाठमोरा पिता. या चित्रावर अनेकांनी आक्षेप घेतला तो ते जुळवलेले आहे म्हणून नव्हे. एवढ्या खाजगी दुःखात कॅमेरा घुसवणे असभ्य आहे म्हणून. प्रत्यक्षात कुणी मरत नव्हते, मांडणी करून बसवलेली माणसे होती ती. हाच प्रसंग चित्रकाराने रंगवला असता तर अशी हरकत कुणी घेतली नसती. छायाचित्र या प्रकाराला जन्मून पुरती वीस वर्षे झाली होती तेव्हाच लोक त्याच्याकडे साक्षीदार म्हणून पाहू लागले होते, आणि साक्षीदाराने कोठे हजर असावे व कोठे नसावे याचे नियमही मनात तयार झाले होते, एवढे यावरून दिसते. पुढे १९८२ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने मुखपृष्ठाच्या उभ्या चौकटीत बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले आणि १९९० मध्ये फोटोशॉप बाजारात आले, तेव्हा साधन सोपे झाले, प्रश्न नवा नव्हता.

तेव्हा उत्पत्तीचा निकष बाजूला ठेवून उपयोगाचा निकष घेऊन पाहावे. चित्र कसे झाले यापेक्षा ते कशासाठी पुढे केले आहे, हे विचारावे. या दिशेने सर्वांत नेमका विचार, काहीशा अनपेक्षितपणे, एका न्यायालयाने केलेला आढळतो. दाढीच्या एका क्रीमच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत असे दाखवले जाई की सुतार वापरतात तसल्या खरखरीत पॉलिश पेपरवर हे क्रीम लावले आणि लगेच वस्तरा फिरवला की कागद साफ गुळगुळीत होतो. प्रत्यक्षात पडद्यावर दिसत होता तो कागद नव्हताच. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तावावर वाळू चिकटवलेली होती. खरा कागद भिजून मऊ व्हायला सुमारे ८० मिनिटे लागत. शिवाय तो पडद्यावर साध्या रंगीत कागदासारखा दिसे, हे जाहिरातदारांचे म्हणणे. १९६५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कोलगेट-पामोलिव्ह कंपनीविरुद्ध निर्णय दिला. न्यायालयापुढे एक अडचणीचा दाखला ठेवण्यात आला होता. स्टुडिओतील दिव्यांच्या उष्णतेत आइसक्रीम वितळते, म्हणून जाहिरातीत त्याच्या जागी उकडून कुस्करलेले बटाटे वापरतात; मग तेही बेकायदा ठरवायचे काय? न्यायालयाने दोहोंत भेद केला. बटाट्याचे आइसक्रीम खाताना दाखवले जाते तेव्हा ते दृश्य आइसक्रीमच्या गुणाचा पुरावा म्हणून पुढे केलेले नसते. पॉलिश पेपरचे दृश्य मात्र प्रेक्षकाने स्वतःच्या डोळ्यांनी प्रयोग पाहिला, अशा समजुतीवर उभे असते. पाहणाऱ्याला ‘तुम्हीच खात्री करून घ्या’ असे सांगायचे आणि ज्याची खात्री करायची तीच वस्तू बदलायची, ही फसवणूक. आणि महत्त्वाचे म्हणजे, क्रीममध्ये सांगितलेला गुण खरोखर असता तरीही ती फसवणूकच ठरली असती, असे न्यायालयाचे मत पडले. न्यायमूर्ती हार्लन यांनी यावर भिन्नमत नोंदवले. पडद्यावर दिसते ते वस्तुस्थितीशी जुळत असेल, तर स्टुडिओत काय ठेवले होते याच्याशी प्रेक्षकाला काय करायचे आहे, असा त्यांचा सवाल होता.

साहित्याच्या अभ्यासकाला हा वाद ओळखीचा वाटेल. हार्लन यांच्या मते सत्य म्हणजे विधान आणि वस्तू यांचा मेळ. बहुमताच्या मते विधानाच्या सत्याबरोबर विधान करण्याची पद्धतही हिशेबात घ्यावी लागते. ‘हे असे आहे’ म्हणणे आणि ‘हे मी पाहिले’ म्हणणे या दोन वेगळ्या कृती आहेत. मराठीत आत्मकथनांच्या संदर्भात हा भेद पुष्कळदा जाणवला आहे. ‘बलुतं’त दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना ऐकवतो. एकाच माणसाचे असे दोन होणे ही उघड उघड रचना आहे, आणि तरीही तिच्यामुळे त्या पुस्तकाची साक्ष रतिभरही कमी होत नाही. वाचक रचना पाहतो आणि साक्षही ऐकतो. याउलट, एखाद्या आत्मकथनातील प्रत्येक प्रसंग समाजात कुठे ना कुठे घडत असला, पण लेखकाच्या आयुष्यात घडलेला नसला, तर वाचक स्वतःला फसवला गेला असे समजेल आणि त्याचे समजणे योग्य असेल. रचना हा गुन्हा नाही. साक्षीची भाषा उसनी घेणे हा आहे.

या कसोटीवर ‘बर्टिल’ बटाट्याच्या बाजूला पडते. त्या चित्रातून ग्राहकाला खुर्ची कशी दिसते एवढेच कळायचे असते आणि ते बरोबर कळते. टर्लिंग्टनचे चित्र पॉलिश पेपरच्या बाजूला पडते. कारण त्या प्रसाधनाने काय होते याचा पुरावा म्हणूनच तो चेहरा पुढे केलेला आहे. येथवर न्यायालयाचा निकष चोख काम करतो. परंतु जाहिरातींचा फार मोठा भाग या दोन टोकांच्या मध्ये पसरलेला आहे, आणि तेथे हा निकष लंगडा पडतो. अत्तराच्या जाहिरातीत स्त्रीची कंबर संगणकावर बारीक केली, तर त्यातून अत्तराविषयी कोणताच पुरावा दिला जात नाही. कंबर अत्तराने बारीक होते असे कुणी म्हटलेले नाही. न्यायालयाच्या दृष्टीने हे बटाट्याचे आइसक्रीम. तरीही येथे काहीतरी सिद्ध केले जात आहे. वस्तूविषयी नव्हे, देहाविषयी. ‘अशी कंबर असते’, असे ते चित्र सांगते. हे विधान शब्दांत कोठेही नसते आणि म्हणून ते कुणी तपासतही नाही. ‘बर्टिल’च्या चित्रातील ‘अशी खुर्ची असते’ हे विधान खरे होते, दुकानात जाऊन खात्री करता येत होती. ‘अशी कंबर असते’ या विधानाची खात्री करायला कोणतेही दुकान नाही. पाहणारी स्त्री ती खात्री आरशासमोर करते, आणि निकाल स्वतःच्या विरुद्ध लावते.

येथे एक आक्षेप हटकून घेतला जातो. आज कुणाला ठाऊक नाही की मासिकातील चेहरे दुरुस्त केलेले असतात? सर्वांना ठाऊक असेल तर फसवणूक कोठली? या आक्षेपामागे कलेचे एक जुने आणि सन्माननीय तत्त्व उभे आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. भारतीय काव्यशास्त्रात श्रीशंकुकाने चित्रतुरगन्यायाच्या आधारे हेच तत्त्व मांडले होते. भिंतीवर रंगवलेला घोडा पाहताना ‘हा घोडा आहे’ असे आपण म्हणतो. पण ही प्रतीती खऱ्या घोड्याच्या ज्ञानासारखी सम्यक् नसते, पुढे बाध होणाऱ्या भ्रमासारखी मिथ्या नसते, ‘घोडा की काय’ अशा संशयाची नसते आणि ‘घोड्यासारखे काहीतरी’ अशा सादृश्याचीही नसते. नटाला राम म्हणून पाहताना प्रेक्षकाची जी प्रतीती असते तीही या चारांहून वेगळी. शंकुकाचा अनुमितिवाद पुढे टिकला नाही. भट्टतौत आणि अभिनवगुप्त यांनी त्याची झडती घेतली. पण प्रतीतीचे हे पाचवे घर त्याने दाखवून दिले आणि कलेच्या सत्यासत्याची चर्चा आजही तेथूनच सुरू करावी लागते. जाहिरातदाराचा दावा नेमका हा आहे की त्याचे चित्र या पाचव्या घरात राहते.

दावा तपासण्यासाठी त्या घराच्या उंबऱ्याकडे पाहावे. अभिनवगुप्ताने रसास्वादातील विघ्नांची चर्चा करताना पूर्वरंग, प्रस्तावना, नटीसूत्रधाराचा संवाद, नटाचे मुकुटादी वेष यांना रसनिष्पत्तीच्या दृष्टीने महत्त्व दिले आहे. या साऱ्या गोष्टी प्रेक्षकाला सांगतात की आता जे दिसेल ते लौकिकाच्या हिशेबात धरायचे नाही. नट हा नट म्हणून एकदा दिसतो, मग झाकला जातो. नांदी झाली की प्रेक्षक आपली रोजची मापे बाहेर ठेवून आत येतो. भिंतीवरचा घोडाही आपण भिंतीवर आहोत हे लपवत नाही. रविवर्मा छापखान्यातून १८९४ नंतर घरोघर गेलेल्या लक्ष्मीसरस्वतींकडे पाहून ‘अशी स्त्री कोठे असते’ हा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण रंग आपण रंग असल्याचे कबूल करत होता. जाहिरातीतील निर्मित छायाचित्राला नांदी नाही. एवढेच नव्हे, नांदी नसणे हाच त्याचा गुण मानला जातो. त्वचेवरील रंध्रे पुसून टाकल्यावर चेहरा प्लॅस्टिकचा दिसू लागतो, म्हणून कुशल कारागीर पुन्हा थोडी रंध्रे बसवतात. लाकूड फार स्वच्छ दिसले तर त्यावर एखादा ओरखडा देतात, भिंगाच्या कडेची धूसरता आणतात. कॅमेऱ्याच्या उणिवा मुद्दाम परत आणल्या जातात, कारण त्या उणिवाच साक्षीच्या खुणा आहेत. सर्वांना ठाऊक असते हे खरे मानले, तर हा खटाटोप कुणासाठी? ज्याला रंगवलेला घोडा दाखवायचा आहे, तो भिंत लपवण्यावर पैसे खर्च करत नाही. जाहिरातीला कलेची सवलतही हवी असते आणि साक्षीची पतही. न्यायाने यांपैकी एकच मिळू शकते.

मग नांदी लावावी, हा उपाय ओघानेच सुचतो. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून असा नियम अमलात आला. व्यावसायिक छायाचित्रात मॉडेलचा देह संगणकाने बारीक अगर जाड केला असेल, तर त्यावर ‘सुधारित छायाचित्र’ असे छापणे बंधनकारक झाले. न छापल्यास ३७,५०० युरोपर्यंत, किंवा जाहिरातीच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत दंड. नियम देहाच्या आकारापुरता आहे. त्वचेवरील डाग पुसणे, केसांचा रंग बदलणे त्याच्या कक्षेत येत नाही. नॉर्वेने २०२२ पासून याच धर्तीचा कायदा लागू केला. हेतू उत्तम आहे. परंतु अशा सूचनांचा परिणाम काय होतो यावर ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठात मारिका टिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष निराशाजनक आहेत. सूचना वाचूनही स्त्रियांचा स्वतःच्या देहाविषयीचा असंतोष कमी झाला नाही.

हे अनपेक्षित मानण्याचे कारण नाही, न. चिं. केळकरांची ‘सविकल्प समाधी’ ज्यांना ठाऊक आहे त्यांना तर नाहीच. आपण कोण आहोत याचे भान न सोडताही माणूस दुसऱ्याच्या अवस्थेशी एकरूप होऊ शकतो, यात केळकरांना वाङ्मयानंदाचे रहस्य दिसले. ‘हे खरे नाही’ हे ज्ञान तन्मयतेच्या आड येत नाही. आले असते तर नाटकच अशक्य झाले असते. जे आनंदाला लागू ते न्यूनगंडालाही लागू. कोपऱ्यातली बारीक अक्षरांतली ओळ बुद्धीला एक गोष्ट सांगते आणि पानभर पसरलेला देह डोळ्यांना दुसरी. डोळे बुद्धीची परवानगी मागत नाहीत. रंगभूमीवरील नांदी परिणामकारक ठरते ती केवळ माहिती देते म्हणून नाही. तिच्यानंतर प्रेक्षक आपले सुखदुःख बाजूला ठेवतो, पात्राच्या सुखदुःखाचे साधारणीकरण होते. जाहिरातीचा सारा डाव याच्या उलट असतो. पाहणाऱ्याने स्वतःला विसरू नये, उलट स्वतःकडेच पाहावे, आपल्यात काय कमी आहे ते मोजावे आणि मग दुकानात जावे, अशी तिची मांडणी असते. साधारणीकरण झाले तर विक्री होणार नाही. अशा प्रयोगापुढे नांदी लावली तरी तो नाटक होत नाही. सूचना छापू नये असा याचा अर्थ नव्हे. सूचना छापली की नैतिक हिशेब मिटला, हे समाधान खोटे आहे.

आतापर्यंतची चर्चा पाहणाऱ्याच्या बाजूने झाली. फसवणुकीच्या परिभाषेची ही मर्यादाच आहे. तिच्यात फसवणारा आणि फसणारा एवढेच दोघे असतात. तिसरा माणूस, म्हणजे चित्रात असलेला किंवा चित्रातून नाहीसा झालेला, तिला दिसत नाही. तो दिसण्यासाठी पुन्हा आयकियाच्याच कॅटलॉगकडे जावे लागते. ऑक्टोबर २०१२ मध्ये स्वीडनमधील ‘मेट्रो’ या वृत्तपत्राने कंपनीच्या स्वीडिश आणि सौदी अरेबियातील आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. एका पानावर निजण्यापूर्वीचे न्हाणीघर आहे. लहान मुलगा दात घासतो आहे. स्वीडिश आवृत्तीत त्याच्याजवळ रात्रीच्या पायजम्यातली स्त्री उभी आहे. सौदी आवृत्तीत ती नाही. तिच्या जागी फरशी आणि भिंत व्यवस्थित भरून काढलेली आहे. इतर पानांवरूनही स्त्रिया अशाच गेलेल्या होत्या. टीका झाल्यावर कंपनीने खेद व्यक्त केला आणि स्त्रियांना वगळणे आपल्या मूल्यांशी विसंगत असल्याचे म्हटले.

हे पान १९६५च्या न्यायालयापुढे नेले असते तर ते निर्दोष सुटले असते. बेसिन, आरसा, कपाट सारे यथातथ्य. ग्राहकाला जे विकायचे त्यात बदल नाही, पुराव्यात फेरफार नाही. फ्रेंच कायद्यालाही काही दिसले नसते, कारण कुणाचाही देह बारीक वा जाड केलेला नाही. तो नाहीसाच केला आहे. पाहणाऱ्याची फसवणूक झाली असेही ठामपणे म्हणवत नाही. सौदी वाचकाला आपल्या देशात स्त्रिया आहेत हे माहीत होते. तरीही या लेखात आलेल्या सर्व चित्रांत हे सर्वांत गंभीर आहे, याविषयी क्वचितच कुणाला शंका वाटेल. आणि ते तसे का आहे हे सांगताना सत्यासत्याचे शब्द अपुरे पडू लागतात. वस्तूविषयीचे विधान खरे, घराविषयीचे खोटे, एवढे म्हणता येते: ‘असे घर असते’ असे ते पान सांगते आणि त्या घरात आई नसते. पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी की जी कृती खुर्चीच्या बाबतीत निरुपद्रवी होती, तीच येथे अन्याय ठरते. खुर्ची हवी तेथे ठेवावी, नको तेथून उचलावी, रंग बदलावा. खुर्चीचे काही जात नाही. संगणकाच्या दृष्टीने मात्र खुर्ची आणि स्त्री यांत भेद नाही. दोन्ही पडद्यावरील ठिपक्यांचे समूह आहेत, दोन्ही थरांत वेगळे करता येतात. ‘चित्र चांगले की वाईट एवढेच विचारायचे’ हे २००९चे सूत्र वस्तूंच्या जगात शहाणपणाचे होते. माणसांच्या जगात त्याचा अर्थ माणूस हे खोलीतील सामान आहे असा होतो.

याची उलट बाजू २०२३ मध्ये दिसली. जीन्स बनवणाऱ्या लिव्हायज कंपनीने जाहीर केले की कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या मॉडेल वापरून ती आपल्या चित्रांतील वर्णांची आणि देहांची विविधता वाढवून पाहणार आहे. टीका तत्काळ झाली, आणि कंपनीला खुलासा करावा लागला. सौदी पानावर असलेली स्त्री पुसली होती. येथे नसलेल्या स्त्रिया भरायच्या होत्या. काळ्या किंवा स्थूल स्त्रीला कॅमेऱ्यासमोर बोलवायचे, तिला मोबदला द्यायचा, आणि ती थकली किंवा नको म्हणाली तर ऐकून घ्यायचे, हे सारे टाळून तिचे दिसणे तेवढे मिळवायचे. एखाद्या समूहाला साहित्यात स्थान मिळाले असे त्या समूहाविषयी इतरांनी लिहिलेल्या कथांवरून म्हणायचे की त्याच्या स्वतःच्या लेखणीवरून, हा प्रश्न मराठी समीक्षेने दलित साहित्याच्या संदर्भात फार तीव्रतेने विचारला होता. तोच येथे वेगळ्या वेषात उभा आहे, आणि उत्तर तेव्हापेक्षा सोपे झालेले नाही. ऑगस्ट २०२५च्या अमेरिकन ‘व्होग’मध्ये गेस कंपनीच्या जाहिरातीत अशीच एक अस्तित्वात नसलेली गौरवर्णी तरुणी झळकली, ती कृत्रिम आहे हे कोपऱ्यात बारीक अक्षरांत नमूद होते. ‘अशी कंबर असते’ हे विधान तेथे आपल्या शेवटच्या टोकाला पोहोचले. कंबरेसाठी आता कुणी असण्याचीही गरज उरली नाही.

त्याच वर्षी एच अँड एम या कंपनीने ३० मॉडेलच्या, त्यांच्या संमतीने, संगणकीय प्रतिकृती करण्याची योजना जाहीर केली. प्रतिकृतीवरील हक्क त्या त्या मॉडेलकडे राहतील आणि वापराचा मोबदला त्यांना मिळेल, असे सांगण्यात आले. या व्यवहारात संमती आहे आणि मोबदलाही आहे. पुसण्याच्या आणि भरण्याच्या वरील दोन्ही प्रकारांपेक्षा तो निश्चितच बरा. मात्र संमती चेहऱ्यापुरती असते की त्या चेहऱ्याकडून पुढे करवल्या जाणाऱ्या प्रत्येक हावभावाला, हे तिच्यात कसे लिहिता येईल ते पाहायचे आहे. नटाने एका भूमिकेला होकार दिला म्हणजे पुढच्या सर्व भूमिकांना दिला, असे रंगभूमीवर कुणी मानत नाही.

आयकियाचा छापील कॅटलॉग डिसेंबर २०२० मध्ये बंद झाल्याचे जाहीर झाले. योगायोगाने त्याच महिन्यात कंपनीचे दुकान नवी मुंबईत उघडले. १९५१ पासूनचे सारे अंक एल्महुल्ट येथील कंपनीच्या संग्रहालयाने सर्वांना पाहण्यासाठी खुले केले आहेत. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर पाठीला पंख असलेली एक आरामखुर्ची आहे. सामान्य माणसांची घरे सत्तर वर्षांत कशी बदलली हे शोधणारा अभ्यासक हे अंक क्रमाने चाळत गेला, तर २००६ नंतर केव्हातरी त्याच्या हाती अशी पाने लागू लागतील की ज्यांतील खिडकीतून आलेले ऊन कोणत्याही सकाळचे नाही. ती पाने कोणती, हे त्याला केवळ पाहून ओळखता येणार नाही. न्हाणीघराचे ते पान मात्र ओळखता येईल, दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवल्या तर.